आजोबांची फियाट ठेवू की विकू?

प्रश्न: आजोबांची १९७२ची फियाट ११०० डिलाइट गॅरेजमधे पडून आहे. पूर्वी भंगारवालापण नाक मुरडायचा, आता अचानक लोक किंमत विचारायला लागलेत. असं का? आणि व्हिंटेज नोंदणी (खूप जुन्या गाड्यांची वेगळी नोंदणी) करू का?

उत्तर: अहो, जे रोज दिसतं त्याची किंमत नसते! हीच गाडी पुढे प्रीमियर पद्मिनी झाली, मुंबईत काळी-पिवळी म्हणून इतकी धावली की तिला क्लासिक कोण म्हणणार, त्या काळी जुन्या गाड्यांच्या क्लबांच्या रॅलीत राजेरजवाड्यांच्या रोल्स रॉइस मिरवायच्या. मग २००० च्या आसपास कुर्ल्यातलं उत्पादन थांबलं, टॅक्सीला २० वर्षांची वयोमर्यादा, आणि ऑक्टोबर २०२३ मधे शेवटची पद्मिनी टॅक्सीपण गेली. आता ज्यांचं बालपण तिच्या मागच्या सीटवर गेलं ते पैसे कमवून तिलाच शोधतायत, आणि क्लबमधेपण फियाटवाल्यांना मान मिळतो (स्टिअरिंगजवळचा गिअर टाकता येतो का तेवढं मात्र बघतात).

नोंदणीचं म्हणाल तर २०२१च्या नियमानुसार गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी हवी, मूळ रूपात हवी, तशी असेल तर तुमची बसते. आधीच नोंदलेली असेल तर जुना नंबर तसाच राहतो. पण एकदा व्हिंटेज झाली की रोज भाजी आणायला नाही नेता येणार, फक्त रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढंच. म्हणून रोज चालवायची असेल तर त्या भानगडीत पडू नका. आणि विकायची घाई तर मुळीच नको, आधी इंजिन फिरतंय का आणि तळाचा पत्रा किती सडलाय ते जुन्या मेकॅनिककडून बघून घ्या.