‘होमलँड’ या अमेरिकी मालिकेच्या पहिल्या सीझनच्या शेवटी ब्रॉडीने (कैदेतून परतलेल्या अमेरिकी सैनिकाने) आत्मघाती जॅकेटचं बटण का दाबलं नाही?

(सीझन पाहिला नसेल तर पुढे वाचू नका.)

दाबलं होतं की! पहिल्यांदा त्याने बटण दाबलं, पण जॅकेटमधली जोडणी सुटलेली होती. मग बाथरूममध्ये जाऊन त्याने ती दुरुस्त केली. म्हणजे ऐनवेळी पाय गळाले असं नाही, माणूस पूर्ण तयारीत होता. सगळे बंकरमध्ये का होते? तर बाहेर त्याच्या साथीदाराने, वॉकरने, गोळीबार केला आणि त्या गोंधळात उपाध्यक्षांसकट सगळ्यांना तपासणीशिवाय आत ढकललं गेलं. हल्ल्याची खरी योजना तीच होती.

दुसऱ्यांदा त्याला थांबवलं ते मुलीच्या फोनने. सीआयएमध्ये काम केलेल्या आणि त्याच्यावर संशय असलेल्या कॅरीने त्याच्या घरी जाऊन मुलीला, डेनाला, सावध केलं होतं. डेनाचा तिच्यावर विश्वास बसला नाही, पण मनात शंका राहिली आणि तिने बापाकडून ‘घरी येतो’ असं वदवून घेतलं. दहशतवादी म्होरक्या नाझीरच्या लहान मुलाच्या, ईसाच्या, मृत्यूचा सूड घ्यायला निघालेला माणूस स्वतःच्या मुलीसमोर अडकतो, हे मला पूर्ण पटतं. वायर सुटण्याचा योगायोग मात्र जरा सोयीचाच वाटतो.

नंतर तो नाझीरला पटवतो की जिवंत राहून, राजकारणात शिरून मी जास्त उपयोगी पडेन, आणि खात्री पटवायला वॉकरला गोळी घालतो. तिकडे कॅरीला मानसिक आजारावरचा उपचार म्हणून विजेचे झटके देण्यासाठी भूल दिली जात असते. गुंगीत जाता जाता तिला आठवतं, ब्रॉडी झोपेत ‘ईसा’ असं ओरडला होता. आता ते शुद्धीवर आल्यावर तिच्या लक्षात राहणार का? डिसेंबर 2011 मध्ये प्रेक्षकांना हा प्रश्न घेऊन पुढच्या सीझनपर्यंत थांबावं लागलं.