डिस्ने वर्ल्डला पहिल्यांदा जाताय? सकाळ हातची घालवू नका
आई-बाबा आणि दोन लहान मुलं घेऊन ऑर्लँडोला चालला आहात, तर तिकिटं काढल्याबरोबर फोनवर ‘माय डिस्ने एक्स्पिरिअन्स’ हे ॲप घ्या. फुकट आहे. कुठल्या राइडला आत्ता किती मिनिटांची रांग आहे ते त्यात दिसतं. निघायच्या आधी आठवडाभर घरबसल्या ते आकडे बघत राहा, कुठली रांग कधी फुगते हे आपोआप कळेल.

लाइटनिंग लेन मल्टी पासला, म्हणजे छोट्या वेगळ्या रांगेतून राइडवर जाऊ देणाऱ्या पासला, मात्र वेगळे पैसे पडतात. डिस्नेच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना तो ७ दिवस आधी घेता येतो, बाकीच्यांना ३ दिवस आधी. बुकिंग फ्लोरिडाच्या वेळेनुसार सकाळी ७ ला उघडतं, म्हणजे कॅलिफोर्नियात राहत असाल तर पहाटे ४ चा गजर लावा. आधी तीन राइड ठरवता येतात. त्या सकाळच्याच घ्या, कारण एक वापरली की पुढची घेता येते. पहिल्या खेपेला मी तिन्ही दुपारनंतरच्या घेतल्या आणि निम्मा दिवस रांगेत गेला. मुलगी आजोबांच्या खांद्यावरच झोपून गेली. त्याचं अजून वाईट वाटतं.

उंचीची अट घरीच तपासा. स्पेस माउंटन या राइडला ४४ इंच लागतात. धाकटा बसत नसेल तर रायडर स्विच मागा. एक पालक मुलापाशी थांबतो आणि नंतर पूर्ण रांग न लावता त्या पालकाला बसता येतं.

आणि पार्क उघडायच्या अर्धा-पाऊण तास आधी दाराशी पोहोचा. दुपारी उन्हात आई-बाबांना फिरवू नका, हॉटेलवर नेऊन झोपू द्या.