१४ वर्षं हा आकडा तुमच्या मिस्टरांचा नाहीये

प्रश्न : नमस्कार डॉक्टर मॅडम, माझे मिस्टर ५१ वर्षांचे आहेत, फोर्टला एका ऑफिसात अकाउंट्सला आहेत, मुलुंडहून रोज लोकलने जातात. वर्षभर डोकं दुखायचं, चेहरा लालबुंद व्हायचा, आम्हाला वाटलं बीपी असेल. आंघोळ करून आले की अंगाला इतकी खाज सुटते की अर्धा तास पंख्याखाली बसून राहतात, साबण बदलून झाले, डॉक्टर बदलून झाले. गेल्या महिन्यात चेकअपमध्ये हिमोग्लोबिन १९.४ आणि पीसीव्ही ५८ निघालं. मग जॅक टू टेस्ट पॉझिटिव्ह आली आणि पॉलिसायथेमिया व्हेरा असं नाव सांगितलं, यात रक्तातल्या लाल पेशी गरजेपेक्षा जास्त बनतात, दुर्मिळ आहे म्हणाले. दोनदा रक्त काढून झालंय, ॲस्पिरिन ७५ चालू आहे. मी रात्री मोबाइलवर वाचलं की यात माणूस साधारण १४ वर्षं जगतो, तेव्हापासून झोप नाही. मुलगी दहावीत आहे, मी नुसते हिशोब करत बसते. रिपोर्टवर निओप्लाझम लिहिलंय म्हणजे कॅन्सरच ना? मुलीला होईल का? सासूबाई म्हणतात लोक रक्तासाठी वणवण करतात आणि याचं चांगलं रक्त काढून फेकतायत, त्या गुपचूप बीटाचा रस आणि खजूर देतात. आणि गणपतीला संगमेश्वरला गावी जायचं की नाही?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : ताई, आधी त्या १४ कडेच बघूया, कारण माझ्याकडे पहिल्यांदा येणारं जवळजवळ प्रत्येक कुटुंब तोच आकडा घेऊन येतं आणि बहुतेक वेळा पेशंटला बाहेर बसवून बायको एकटी आत येऊन विचारते. आकडा खोटा नाहीये. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने २०१४ मध्ये या जातीच्या तीन आजारांच्या ८२६ पेशंटचा अभ्यास छापला, त्यात तुमच्या मिस्टरांच्या आजाराचा मध्य साडेतेरा वर्षं आला. मध्य म्हणजे सगळ्यांना रांगेत उभं केलं तर बरोबर मधला माणूस, म्हणजे निम्मे लोक त्याच्याही पुढे जगले. आणि त्या रांगेत कोण होतं ते बघा ना, हा आजार बऱ्याच जणांना साठी उलटल्यावर सापडतो, त्यामुळे त्यात सत्तरीचे आजी-आजोबाही आले, त्यांचं वय आणि बाकीची दुखणी सगळी त्या साडेतेरात धरलेली आहेत. त्याच अभ्यासात साठ किंवा त्याहून कमी वयाचे पेशंट वेगळे काढले तर मध्य २४ वर्षांवर जातो. ५१ मध्ये २४ मिळवून बघा. निरोगी माणसाइतकंच आयुष्य मिळतं असं मी म्हणणार नाही, सरासरीत थोडं कमी पडतं, पण मुलीच्या दहावीपासून हिशोब मांडायची वेळ तुमच्यावर आलेली नाहीये.

आता मला तुमच्या डोक्यात दुसरा आकडा बसवायचाय, ४५. पीसीव्ही म्हणजे रक्तात लाल पेशींचा भाग किती टक्के. यांचा ५८ होता, म्हणजे रक्त पार घट्ट झालेलं, आणि या आजारात माणूस दगावतो तो जास्त करून गुठळीने, मेंदूत, हृदयात, पायात, कधी लिव्हरच्या शिरेत. इटलीतल्या डॉक्टरांनी ३६५ पेशंटचे दोन गट केले, एकाचा पीसीव्ही ४५ च्या खाली ठेवला, दुसऱ्याचा ४५ ते ५० मध्ये, आणि २०१३ मध्ये निकाल छापला. पहिल्या गटात १८२ पैकी ५ जणांना मोठी गुठळी झाली किंवा ते हृदयविकार-स्ट्रोकने गेले, दुसऱ्यात १८३ पैकी १८. फरक फक्त पीसीव्ही जरा सैल सोडण्याचा. म्हणून लॅबवाला म्हणाला ना की ४७ आहे, नॉर्मल रेंजमध्येच आहे, तर खुश होऊ नका, ती रेंज इतरांसाठी आहे, यांची रेंज ४५ च्या खाली.

लालबागचे एक काका माझ्याकडे येतात. ते ४९ वर्षांचे होते तेव्हा, २००६ मध्ये, त्यांचा आजार सापडला, जॅक टू मधला हा बिघाड जगात शोधला गेला त्याच्या पुढच्याच वर्षी. त्यांच्या काकू दरवर्षी कालनिर्णय पिशवीत घालून घेऊन येतात. एका चौकोनात दूध नको, दुसऱ्यात गॅस लावला, आणि मध्येच लाल पेनाने गोल करून रक्त काढलं, ४८. सुरुवातीच्या वर्षी दर पानावर दोन-तीन लाल गोल होते, मग महिन्याला एक, मग चार-पाच महिन्यांत एखादा. साठीनंतर हायड्रॉक्सीयुरिया, म्हणजे पेशी कमी बनाव्यात म्हणून द्यायचं औषध, सुरू केलं तेव्हापासून गोल जवळजवळ नाहीतच, नुसता पीसीव्हीचा आकडा लिहिलेला असतो, ४३, ४४, ४२. काका नातवाला शाळेत सोडून येतात आणि मग ओपीडीला. तुम्हीही असं कॅलेंडर करा, खरंच सांगते, आमच्या फाइलपेक्षा मला ते जास्त उपयोगी पडतं.

दुसरी गोष्ट सांगायला जड जातं, पण तुम्हाला कळायला हवी. याच वयाचे एक गृहस्थ २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आठ महिने आलेच नाहीत, लोकल बंद होत्या हे खरंच, पण नंतर सुरू झाल्यावरही बरं वाटतंय म्हणून राहून गेलं. एका सकाळी चहाचा कप हातातून निसटला. पीसीव्ही ५६. डावा हात अजून पूर्ण उचलता येत नाही. बरं वाटणं हे यात काही मोजमाप नाही. तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, हात-पाय लुळा पडला, छातीत दुखलं, एकच पाय सुजला तर सकाळची वाट बघू नका, थेट इमर्जन्सी, आणि तिथे पहिल्या वाक्यात आजाराचं नाव सांगा. सिगरेट, तंबाखू असेल तर आजच बंद, बीपी-शुगर-कोलेस्टेरॉल सांभाळायचं कारण गुठळीला तेही हातभार लावतात.

कॅन्सर का विचारलंत तर हो, याची गणना रक्ताच्या कॅन्सरच्या जातीत होते, लपवून काही फायदा नाही, पण हा हळू चालणारा आहे, वर्षानुवर्षं गोळ्या आणि रक्त काढणं यावर राहतो. बोन मॅरोमधल्या, म्हणजे हाडांच्या आत जिथे रक्त बनतं तिथल्या, एका पेशीत जॅक टू नावाचं बटण चालूच अडकून बसलंय आणि ती लाल पेशी बनवायची थांबतच नाहीये, असं समजा. शंभरातल्या साधारण ९५ जणांत हाच बिघाड सापडतो. पुढे काहींचा मॅरो कडक होत जातो, त्याला मायलोफायब्रोसिस म्हणतात, पंधरा वर्षांत शंभरातल्या साधारण ६ ते १४ जणांना, आणि थोड्यांचं ल्युकेमियात रूपांतर होतं, म्हणून तर पोट तपासून प्लीहा वाढलीय का बघतात आणि सीबीसी चुकवायची नसते. हे चित्र सुधारतंय, इंटरफेरॉन या औषधाचे नवे प्रकार आलेत, रुक्सोलिटिनिब नावाची गोळी आहे, पण मिस्टर साठीच्या आत आहेत आणि आधी कधी गुठळी झाली नसेल तर आत्ता रक्त काढणं आणि ॲस्पिरिन एवढ्यावरही भागतं. मात्र प्लेटलेट खूप वाढल्या तर ॲस्पिरिननेच रक्तस्राव होऊ शकतो, त्यामुळे गोळी कमी-जास्त करायचं ते डॉक्टरच ठरवतील.

मुलीची काळजी सोडा. हा बिघाड जन्मतः नसतो, नंतर होतो, बापाकडून मुलीत जात नाही, तिची टेस्ट करायची गरज नाही. बॉम्बे ब्लड ग्रुपसारखं काही आहे का असंही लोक विचारतात, तो केईएममध्ये डॉ. भेंडे यांनी १९५२ मध्ये शोधलेला दुर्मिळ रक्तगट आहे, आजार नव्हे, त्याचा याच्याशी संबंध नाही.

सासूबाईंवर रागावू नका हं, मुलाचं ३५० मिलीची पिशवी भरून रक्त जाताना बघणं कुठल्या आईला सोसेल. त्यांना सांगा की ते रक्त दुसऱ्या कुणाला चढवण्यासारखं नाही आणि ते काढल्यानेच तो सुरक्षित आहे. बीट-खजूर जेवणातल्याइतकं खाऊ देत, आयर्नच्या गोळ्या आणि टॉनिक मात्र नको. रक्त काढलं की आयर्न कमी होतं, ते व्हायलाच हवं, नाहीतर मॅरो परत भराभर पेशी बनवतो. थकवा आला तर केमिस्टकडून काही आणण्याआधी डॉक्टरांना विचारा.

खाज या आजाराचीच, साबणाचा दोष नव्हता. पाणी कोमट घ्या, टॉवेलने खसाखसा न पुसता टिपून घ्या, आणि तरीही होत असेल तर डॉक्टरांना मुद्दाम सांगा, त्यावर औषधं आहेत, पुरुष माणसं हे सांगतच नाहीत.

आणि संगमेश्वरला जा. निघायच्या आठवडाभर आधी सीबीसी करा, ४५ च्या वर असेल तर रक्त काढूनच निघा. गाडीत पाणी प्यायला लावा, टॉयलेटला जायला नको म्हणून तहान मारायची सवय असते सगळ्यांना. दर तासा-दीड तासाला उठून डब्यात चालायला सांगा, गर्दी असली तरी. गोळ्या आणि शेवटचा रिपोर्ट तुमच्या पर्समध्ये ठेवा, त्यांच्या बॅगेत नको.