वाचक विचारतात : क्यू (पूल खेळायची काठी) आता खाली ठेवू का?

प्रश्न : नमस्कार दादा, मी ५७ वर्षांचा, पुण्यात असतो. नोकरीला लागलो तेव्हा नव्वदच्या दशकात सगळीकडे पूलची, म्हणजे टेबलावरचे बॉल क्यूने कडेच्या भोकांत (पॉकेटांत) घालायच्या खेळाची, पार्लर निघाली होती, तेव्हापासून हे वेड लागलंय ते सुटलं नाही. पण आता प्रोग्रेसिव्ह चष्मा (एकाच काचेत वर लांबचा, खाली जवळचा नंबर) आलाय, वाकलं की लांबचा बॉल धूसर दिसतो, अर्ध्या तासानंतर कंबर बोलायला लागते. पार्लरमध्ये सगळी कॉलेजची पोरं, 'अंकल, ब्रेक (डावाचा पहिला फटका) तुम्ही करा' म्हणतात ते पण जरा लागतं. बायको म्हणते पुरे झालं, भजनी मंडळात जा. सोडू का?

उत्तर : सोडताय कशाला? भजनाची वेळ आणि पार्लरची वेळ एकमेकींना आडव्या येत नाहीत, वहिनींना एवढं सांगून बघा.

आधी डोळ्यांचं बोलू, तुमची निम्मी तक्रार तिथलीच आहे. प्रोग्रेसिव्ह काच ताठ बसून वाचणाऱ्या आणि समोर बघत चालणाऱ्या माणसासाठी असते, आपण हनुवटी क्यूपाशी नेऊन भुवयांखालून वर बघतो, म्हणजे नजर जाते काचेच्या पार वरच्या कडेतून नाहीतर चक्क फ्रेमवरून, मग काय दिसणार कपाळ! खेळायला वेगळा चष्मा करा, एकाच नंबरचा, काच मोठी आणि जरा वर बसणारी. चष्मेवाल्याला नुसतं तोंडी सांगू नका, त्याच्या काउंटरवर शॉट घेतल्यासारखं वाकून दाखवा आणि दोन-अडीच मीटरवरचं स्पष्ट दिसलं पाहिजे म्हणा, कारण नऊ फुटी टेबलावर खेळायची जागा लांबीला १०० इंच, म्हणजे तेवढीच असते. लोक हसतील असं वाटत असेल तर डेनिस टेलर आठवा. १९८५ च्या वर्ल्ड स्नूकर फायनलला तो असाच भलामोठा, उलटा लावल्यासारखा दिसणारा चष्मा घालून खेळला, स्टीव्ह डेव्हिसच्या मागे ०-८ पडला होता आणि शेवटच्या फ्रेमच्या शेवटच्या काळ्या बॉलवर १८-१७ जिंकला.

कंबरेचं म्हणाल तर हनुवटी क्यूला टेकलीच पाहिजे ही स्नूकरची शिस्त आहे, तिथे १२ फुटी टेबल आणि अरुंद पॉकेट, तिथे ती लागते. पूलचं पॉकेट त्या मानाने दिलदार असतं, थोडं उंच उभं राहून खेळलात तर बिघडत नाही. पुढचा गुडघा वाकवा, पाय रुंद ठेवा आणि लांबच्या शॉटला टेबलावर आडवं पडायच्या ऐवजी सरळ रेस्ट (क्यूला आधार देणारी, टोकाला खाच असलेली काठी) घ्या. आपल्याकडे रेस्ट घेणं म्हणजे कमीपणा असं का वाटतं कोण जाणे, प्रोफेशनल लोक बिनदिक्कत घेतात.

आता खरं सांगायचं ते. तुम्ही लिहिलं नाहीयेत पण माझा अंदाज आहे, तुम्ही अजून तिशीतलाच गेम खेळताय, प्रत्येक शॉटला स्क्रू, म्हणजे व्हाइट (क्यूने मारायचा पांढरा बॉल) धडकून सरसर मागे आला पाहिजे, पोरांनी वा म्हटलं पाहिजे. त्याला मनगट आणि नजर दोन्ही ताजं लागतं. त्यापेक्षा व्हाइट नुसता रोल करत सोडून बघा. लोळत जाणारा व्हाइट समोरच्या बॉलला साधारण अर्धा लागला (धडकताना त्याचा निम्मा भाग झाकला) की आपल्या मूळ रेषेपासून जवळपास ३० अंशांनी वळून पुढे जातो, आणि थोडा जाड थोडा पातळ लागला तरी तो कोन फारसा बदलत नाही. हे एकदा अंगात भिनलं की पुढची पोझिशन आधीच दिसते, जोर लावावा लागत नाही, आणि पोरं चार बॉल धडाधड घालून पाचव्याला अडकतात तेव्हा तुम्ही सावकाश टेबल साफ करून मोकळे.

फिलिपिन्सचा एफ्रेन रेयेस तुम्हाला माहीत असेलच. मनिलात काकाच्या पूल हॉलमध्ये वाढला, लहानपणी टेबलापर्यंत हात पोचायचा नाही म्हणून कोकच्या क्रेटवर उभा राहून खेळायचा. १९९४ ला यूएस ओपन जिंकली, अमेरिकेबाहेरचा पहिलाच, १९९९ ला नाइनबॉलचा वर्ल्ड चॅम्पियन झाला. आणि २०२२ मध्ये हनोईला साउथईस्ट एशियन गेम्समध्ये वयाच्या ६७ व्या वर्षी कॅरममध्ये ब्राँझ घेतलं (आपला सोंगट्यांचा कॅरम नव्हे, बिनपॉकेटच्या टेबलावरचा बिलियर्ड्स). त्याचे जुने व्हिडिओ बघा, ताकद फार कमी वेळा दिसेल.

बाकी 'अंकल' म्हणतात तर म्हणू देत, टेबलाचे पैसे हरणारा भरतो ना? मग झालं.

प्रश्न : एटबॉलमध्ये (पूलचा प्रकार, काळा आठ नंबरचा बॉल शेवटी घालायचा) ब्रेकलाच काळा गेला तर आमच्यात रोज भांडण, एक म्हणतो जिंकला, एक म्हणतो हरला. आणि फाउलला दोन चान्स की व्हाइट हातात? – कोल्हापूर

उत्तर : दोघंही चुकताय. जागतिक नियमांत ब्रेकला काळा पडला तर जीत पण नाही, हार पण नाही. ब्रेक करणारा काळा परत स्पॉटवर (टेबलावरच्या ठरलेल्या खुणेवर) ठेवून पुढे खेळतो किंवा पुन्हा ब्रेक घेतो. सोबत व्हाइट पण पडला असेल तर मात्र हा चॉइस समोरच्याला. फाउलला व्हाइट हातात, टेबलावर कुठेही ठेवा, फक्त ब्रेकवरचा फाउल असेल तर मागच्या रेषेच्या आत, म्हणजे जिथून ब्रेक करतो त्या भागात. दोन चान्सची पद्धत इंग्लंडच्या पबमधल्या लाल-पिवळ्या पूलची, तीच आपल्या पार्लरमध्ये घुसलीये. काय ते पैज लावायच्या आधी ठरवा, नंतर नाही.

प्रश्न : दापोलीला घर बांधलंय, गच्चीवर पत्र्याची शेड आहे, तिथे पूल टेबल टाकू का? ऑनलाइन स्वस्तात मिळतंय.

उत्तर : स्वस्तातलं म्हणजे बहुतेक खाली लाकडी बोर्ड, एमडीएफ. कोकणातल्या पावसात तो फुगणार, बॉल एका कोपऱ्याकडे आपोआप चालायला लागणार. स्लेटचं घेतलंत तर दगड टिकेल, पण दमट हवेत कापड ओल धरतं, टेबल जड चालतं, कुशनवरून (टेबलाच्या रबरी कडेवरून) बॉल नीट परत येत नाही, आणि उघड्या शेडमध्ये हे सगळं दुप्पट. शिवाय स्लेटच्या टेबलाचं वजन शेकड्यांनी किलोत, गच्चीच्या स्लॅबचं आधी इंजिनियरला विचारा. जागेचा हिशोब पण करून बघा, क्यू असतो ५८ इंचांचा, तो चारी बाजूंनी मागे ओढता आला पाहिजे, म्हणजे नऊ फुटी टेबलाला खोली निदान १४ बाय १८ फूट. खाली तेवढी बंद खोली असेल तर स्लेटचं घ्या, नाहीतर शेडमध्ये टेबल टेनिसचं टाका.