मुलींचा गट की ओपन?

प्रश्न : ताई, माझी मुलगी पाचवीत आहे, गणपतीत वाडीतल्या बुद्धिबळ स्पर्धेत मोठ्या पोरांना हरवते. आता कणकवलीच्या स्पर्धेत ओपनला, म्हणजे मुलगे-मुली एकत्र खेळतात त्या गटात, नाव द्यायचं म्हणते, तर सासरे म्हणतात, "चेडवान झिलग्यांत कित्याक खेळूचा?" (मुलीनं मुलग्यांत कशाला खेळायचं?) काय करू? आणि पहिली महिला जगज्जेती कोण, तेही सांगा, ती सारखी विचारते.
– एक आई, देवगड

उत्तर : ओपनलाच नाव द्या, बिनधास्त.

पहिली जगज्जेती व्हेरा मेंचिक. जन्म १९०६ चा, मॉस्कोचा, वडील चेक, आई इंग्लिश, आणि १९२१ मध्ये ती आली इंग्लंडच्या हेस्टिंग्जला, तेही समुद्राकाठचंच गाव. १९२७ ला लंडनमध्ये ११ पैकी १० डाव जिंकली, एक बरोबरीत, आणि ते पद मरेपर्यंत तिच्याकडेच राहिलं. पण मला ती मोठी वाटते ती पुरुषांच्या स्पर्धांत उतरली म्हणून. १९२९ च्या कार्ल्सबाडच्या स्पर्धेत बेकर नावाचा खेळाडू थट्टेत बोलला की हिच्याकडून जो हरेल तो 'व्हेरा मेंचिक क्लब'चा मेंबर, आणि पहिला मेंबर तोच झाला! त्याच स्पर्धेत ती २२ जणांत शेवटची आली हेही मुलीला सांगा, लपवू नका, कारण पुढे मॅक्स यूवेला तिने दोनदा हरवलं आणि हा यूवे १९३५ ला जगज्जेता झाला. १९४४ मध्ये लंडनवर पडलेल्या जर्मन उडत्या बॉम्बने ती, आई आणि बहीण तिघी गेल्या. अवघी ३८ वर्षांची होती हो, फार वाईट वाटतं.

आता सासऱ्यांसाठी. १९७६ मध्ये आपल्या मुंबईची रोहिणी खाडिलकर, वय १३, पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली तर केवढा गदारोळ, प्रकरण हायकोर्टात गेलं, आणि जागतिक महासंघाच्या अध्यक्षांनी सांगितलं की बाईला कुठल्याच राष्ट्रीय-आंतरराष्ट्रीय स्पर्धेतून अडवता येणार नाही. ते अध्यक्ष म्हणजे हेच मॅक्स यूवे! आणि रोहिणी पुढे १९८१ ला आशियाई विजेती झाली. म्हणजे हा प्रश्न तेव्हाच सुटलाय, आजोबांना नीट समजावून सांगा, ऐकतील.

सुरुवातीला ती जास्त हरेल, चालेल. प्रत्येक चाल लिहायला लावा आणि हरलेला डाव घरी पट मांडून पुन्हा खेळू द्या, शक्यतो आजोबांसमोरच. आणि ओपनला खेळूनही मुलींचं वेगळं बक्षीस बऱ्याच ठिकाणी असतं, फी भरायच्या आधी आयोजकांना विचारून घ्या.