पंथ बंद पडले, तरी अभ्यास चालू आहे

प्रश्न : मुलगी लॉच्या चौथ्या वर्षाला आहे. इस्लामी कायद्यातले नामशेष झालेले पंथ, यावर तिला संशोधन करायचंय. जे उरलेच नाहीत त्यांच्यावर पोट कसं भरणार? – एक पालक, लातूर

उत्तर : नमस्कार. पोटाची काळजी रास्त आहे, पण ‘उरलेच नाहीत’ हे अर्धंच खरं. हनफी, मालिकी, शाफई आणि हंबली हे चार सुन्नी पंथ टिकले. बैरूतचे औझाई, इजिप्तचे लैस बिन साद यांचे पंथ मागे पडले. विद्वत्तेत ते कमी नव्हते. लैस हे मालिकी पंथाचे इमाम मालिक यांच्याहून मोठे फकीह (कायदेपंडित), पण शिष्यांनी त्यांना जपलं नाही, असं खुद्द इमाम शाफईंचं मत सांगितलं जातं.

आता जरा कोर्टाच्या भाषेत. आजोबांच्या हयातीत बाप वारला आणि काका हयात असेल, तर सुन्नी वारसाहक्कात नातवाला काही मिळत नाही. इजिप्तने १९४६च्या कायद्यात तोड काढली: आजोबांनी मृत्युपत्र केलं नसलं तरी ते केलंच आहे असं धरायचं आणि मालमत्तेच्या एक तृतीयांशाच्या आत नातवाला वाटा द्यायचा. यासाठी आधार घेतला तो स्पेनमधल्या कोर्दोव्याच्या इब्न हझम यांच्या मताचा. ते अकराव्या शतकातले, पंथ जाहिरी, म्हणजे बंद पडलेलाच! आपल्याकडे असा नातू आजही हात हलवत परततो. तुमच्या मुलीला यात विषय दिसला असेल, तर नजर चांगली आहे.

पण नुसत्या याच विषयावर नोकऱ्या फार थोड्या, हे तिलाही स्पष्ट सांगा. एलएलबी पूर्ण करून सनद घेऊ दे. मग एलएलएम आणि कायद्यातली नेट ही पात्रता परीक्षा; तिच्यातून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर घरावर भार नाही. लंडनचं सोआस किंवा नेदरलँड्सचं लायडन ही विद्यापीठं शिष्यवृत्ती मिळाली तरच, कर्ज काढून नको.

माथेरानला जन्मलेले असफ फैजी बॅरिस्टर होते, मुंबईच्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजचे प्राचार्य होते आणि फातिमी (इजिप्तवर राज्य केलेल्या इस्माइली शिया घराण्याच्या) कायद्याचा जुना अरबी ग्रंथही त्यांनीच संपादित केला. वकिली आणि पोथ्या एकत्र नांदतात.

खरी अडचण अरबीची. भाषांतरांवर हे संशोधन होत नाही. येत्या सुट्टीत तिला अरबीच्या वर्गाला घाला. वर्षभर टिकली, तर पीएचडीचं बोलू.