चार नावांची गुणपत्रिका, सुटलेली केटी आणि बँकेतले २८ दिवस

परदेशी विद्यापीठांच्या प्रवेशाबद्दल आलेल्या पत्रांपैकी सहा या वेळी घेतली आहेत. बहुतेकांत मुलांचे गुण पुरेसे आहेत, घोडं अडलंय ते कागदांपाशी. म्हणून कागदांबद्दल जरा सविस्तर लिहिलं आहे.

प्रश्न : मुलीच्या बी.कॉम.च्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग तिचं नाव, वडिलांचं नाव आणि शेवटी माझं नाव आहे. पासपोर्टवर फक्त तिचं नाव आणि आडनाव. इंग्लंडच्या विद्यापीठाचं ऑफर लेटर चारही नावं घालून आलं आहे. चालेल का?
– एक आई, विलेपार्ले

उत्तर : चालवून घेऊ नका. कॅस, म्हणजे व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो क्रमांक, निघण्याआधी ऑफर लेटर दुरुस्त करून घ्या. विद्यापीठाच्या प्रवेश कार्यालयाला ईमेल करा, पासपोर्टचं फोटो असलेलं पान जोडा आणि नाव जसंच्या तसं या पानाप्रमाणे घाला, असं स्पष्ट लिहा.

हा घोटाळा होतो कारण नावाची ही पद्धत आपल्याकडची आहे. परदेशातला कारकून पहिला शब्द नाव धरतो आणि शेवटचा आडनाव. म्हणजे आडनाव हे मुलीचं नाव होतं आणि आईचं नाव तिचं आडनाव होऊन बसतं. त्याच ईमेलमध्ये गुणपत्रिकेवरचे चार शब्द अनुक्रमे काय आहेत हे एका ओळीत सांगून टाका. शिवाय नोटरीकडून 'दोन्ही नावं एकाच व्यक्तीची' असं इंग्रजी प्रतिज्ञापत्र करून ठेवा. ते एकदाच करा, पण त्यात दहावी, बारावी, पदवी आणि पासपोर्ट अशा चारही ठिकाणचं नाव अक्षरशः जसं छापलंय तसं येऊ द्या. एका अक्षराचा फरक असेल तर तोही लिहा.

पासपोर्टवर 'गिव्हन नेम'च्या रकान्यात मुलीचं आणि वडिलांचं नाव एकत्र असेल, तर प्रत्येक अर्जात त्या रकान्यात दोन्ही शब्द भरा. अर्जात मधल्या नावाची वेगळी चौकट दिसली की बरेच जण वडिलांचं नाव तिथे हलवतात आणि मग आयईएल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल एका नावाने, ऑफर दुसऱ्या नावाने येते. पासपोर्टात आडनावाची जागाच रिकामी असेल, तर आधी पासपोर्ट दुरुस्त करा, अर्ज नंतर.

आणखी एक बारीक गोष्ट. मुंबई विद्यापीठाच्या निकालपत्रकांत मुलींच्या नावाआधी तिरपी रेघ असते. ती 'स्त्री उमेदवार' याची खूण आहे, पण बाहेरच्या माणसाला छपाईची चूक वाटते. सवलतीच्या गुणांपुढेही अशीच चिन्हं असतात. त्यांचा खुलासा छापलेला भाग, बहुधा मागची बाजू, स्कॅनमध्ये हमखास घ्या. पुढचीच बाजू पाठवणं ही नेहमीची चूक आहे.

प्रश्न : मुंबई विद्यापीठातून तीन वर्षांचं बी.एस्सी., सीजीपीए (१०पैकी सरासरी श्रेणीगुण) ८.२. जर्मनीत एम.एस्सी.साठी तीन वर्षांची पदवी चालते का? आणि तिथले गुण कसे मोजतात?
– एक विद्यार्थी, परळ

उत्तर : जर्मनीतली बॅचलर पदवीसुद्धा बहुधा तीन वर्षांचीच असते, त्यामुळे नुसत्या वर्षांवरून अर्ज अडत नाही. अडतो तो विषयांवरून. अमुक इतकं गणित, अमुक इतकं प्रयोगशाळेचं काम, अशी विषयवार क्रेडिट्सची अट अभ्यासक्रमाच्या नियमावलीत असते. ती वाचून आपल्या सहाही सत्रांतले विषय त्यापुढे मांडा. अभ्यासक्रमाची अधिकृत प्रत कॉलेजच्या शिक्क्यासह जोडता आली तर फार उपयोग होतो, कारण 'पेपर १' आणि 'पेपर २' एवढ्यावरून आत काय शिकवलं हे कोणाला कळत नाही.

गुणांचं सूत्र सोपं आहे. सर्वोच्च शक्य गुणांतून तुमचे गुण वजा करा. त्याला सर्वोच्च आणि किमान उत्तीर्ण यांच्यातल्या फरकाने भागा, ३ने गुणा, १ मिळवा. तुमचे १० वजा ८.२ म्हणजे १.८. किमान उत्तीर्ण ४ असेल तर भागायचं ६ने, आले ०.३. तिप्पट ०.९, अधिक १, म्हणजे १.९. तिथे १.० सर्वांत चांगलं आणि ४.० म्हणजे काठावर पास. २.५ची अट अनेक ठिकाणी असते. आपल्या १०च्या श्रेणीत ती सीजीपीए ७ला येते.

किमान उत्तीर्ण श्रेणी कागदावर छापलेली नसली तर समोरचा माणूस ४ऐवजी ५ धरू शकतो, आणि तुमचे १.९चे जवळजवळ २.१ होतात. सीजीपीएऐवजी टक्के धरले तर आकडा आणखी घसरू शकतो: ६५ टक्क्यांना, १०० आणि ४० धरून, २.७५ येतात. म्हणून ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे सगळ्या सत्रांच्या गुणांचा अधिकृत उतारा, घेताना श्रेणींचा तक्ता त्यावर आहे ना, हे खिडकीपाशी उभं असतानाच पाहून घ्या.

१ नोव्हेंबर २०२२पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी एपीएस प्रमाणपत्र लागतं. तुमच्या गुणपत्रिका खऱ्या आहेत का, याची ती तपासणी. शुल्क १८,००० रुपये. बरीच विद्यापीठं ते अर्जासोबतच मागतात, म्हणून १५ जुलैची मुदत असेल तर मार्चमध्येच कामाला लागा. युनि-असिस्ट या अर्ज तपासून विद्यापीठांकडे पाठवणाऱ्या संस्थेमार्फत अर्ज असेल तर पहिल्या विद्यापीठाला ७५ युरो आणि त्याच सत्रातल्या पुढच्या प्रत्येकाला ३० युरो पडतात. तिथेही शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका, कारण त्रुटी काढून परत पाठवायला त्यांना वेळ लागतो आणि मुदत तुमचीच सरते. राहण्याच्या खर्चासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, सप्टेंबर २०२४पासूनच्या दराने, वर्षाचे ११,९०४ युरो ठेवावे लागतात. त्यातून महिन्याला ९९२ युरो काढता येतात.

याच पत्रात धाकट्या भावाबद्दल विचारलं आहे. नुसत्या बारावीवर जर्मनीत थेट पदवीला प्रवेश मिळत नाही. भारतातल्या मान्य विद्यापीठात पदवीचं एक वर्ष पूर्ण करून त्याच शाखेत जाता येतं, किंवा तांत्रिक शाखांसाठी जेईई ॲडव्हान्स्ड उत्तीर्ण असावं लागतं. नाहीतर स्टुडियनकोलेग हा तयारीचा अभ्यासक्रम आधी करावा लागतो.

प्रश्न : दुसऱ्या वर्षी दोन केटी लागल्या होत्या, म्हणजे दोन विषय राहिले होते, पुढच्या परीक्षेत सुटल्या. अर्जात सांगणं गरजेचं आहे का?
– एक वाचक, भांडुप

उत्तर : हो, सांगाच. गुणपत्रिकांवरून ते कळतंच, आणि लपवलेलं उघड झालं तर मिळालेला प्रवेशही रद्द होऊ शकतो. नापास झालेल्या प्रयत्नाची गुणपत्रिकाही फाइलमध्ये ठेवा, फेकू नका. 'केटी' हा शब्द बाहेर चालत नाही, 'बॅकलॉग' लिहा. काही विद्यापीठं विषय मोजतात, काही प्रयत्न मोजतात. एकच विषय तीनदा दिला असेल तर फरक पडतो. कॉलेजकडून बॅकलॉगचं प्रमाणपत्र घेताना दोन्ही आकडे त्यावर येतील असं पाहा. दोन सुटलेल्या केटींमुळे फारशी दारं बंद होत नाहीत.

प्रश्न : इंग्लंडच्या व्हिसासाठी पैसे आजोबांच्या खात्यात दाखवले तर चालतील का? मुदत ठेव मोडायची की नाही?
– एक पालक, दादर

उत्तर : आजोबा, काका, मामा यांची खाती चालत नाहीत. पैसे विद्यार्थ्याच्या स्वतःच्या किंवा आई-वडिलांच्या नावावर हवेत. आजोबांनी रक्कम तुमच्या खात्यात वळती करावी आणि त्या दिवसापासून सलग २८ दिवस शिल्लक एका दिवसासाठीही ठरलेल्या रकमेखाली जाता कामा नये. नेमकी इथेच गफलत होते: विसाव्या दिवशी घराचा हप्ता कापला जातो, शिल्लक काही शे रुपयांनी खाली येते आणि मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. शिवाय पौंडाचा भाव वाढला तर तीच रक्कम अपुरी ठरते, म्हणून थोडी जास्तच ठेवा. खातेउताऱ्याची शेवटची तारीख अर्जाच्या दिवसापासून ३१ दिवसांपेक्षा जुनी नको. मुदत ठेव आधी मोडून रक्कम बचत खात्यात आणावी आणि मग दिवस मोजावेत, हे आम्हाला सर्वांत सुरक्षित वाटतं.

पैसे आई-वडिलांचे असले तर मुलाचा जन्मदाखला आणि संमतिपत्र लागतं. दाखला आजच कपाटातून काढून बघा. मुंबईत पुष्कळ जुन्या दाखल्यांवर मुलाचं नावच नसतं, कारण नोंदणी बारशाआधी झालेली असते. महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात नाव चढवून घ्यायला वेळ जातो. बँकेचं शैक्षणिक कर्ज असेल तर २८ दिवसांची अट नाही, मंजुरीपत्र सहा महिन्यांच्या आतलं हवं.

व्हिसासोबत भरायचा आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड आहे. एक वर्षाच्या मास्टर्सला एकाच वर्षाचा धरून बजेट करू नका: व्हिसा अभ्यासक्रम संपल्यावरही चार महिने चालतो, त्यामुळे दीड वर्षाचे १,१६४ पौंड भरावे लागतात. क्षयरोग तपासणी मान्यताप्राप्त केंद्रातच करावी. तिचं प्रमाणपत्र सहा महिने चालतं.

प्रश्न : दहावीपर्यंत मराठी माध्यम. आयईएल्ट्समध्ये लेखनाला ६ आले, विद्यापीठाला ६.५ हवेत. पुन्हा सगळी परीक्षा द्यायची का?
– एक विद्यार्थिनी, लालबाग

उत्तर : परीक्षा संगणकावर दिली असेल तर 'वन स्किल रिटेक'मध्ये फक्त लेखन पुन्हा देता येतं. मात्र ते मूळ परीक्षेपासून ६० दिवसांच्या आत द्यायचं. आपलं विद्यापीठ असा निकाल स्वीकारतं का, हे पैसे भरण्याआधी विचारा. निकाल दोन वर्षं ग्राह्य असतो. मराठी माध्यमाची काळजी करू नका. पदवी इंग्रजीतून झाली असल्याचं कॉलेजचं पत्र काही विद्यापीठं परीक्षेऐवजी मानतात, आणि त्यांना पदवीचंच माध्यम पाहायचं असतं.

प्रश्न : बहिणीचा मुलगा दुबईत बारावीला आहे. त्याला मुंबईत पदवीला घ्यायचंय. परदेशी विद्यार्थ्यांच्या जागा त्याला मिळतील का?
– एक मावशी, मुलुंड

उत्तर : तुम्ही त्याचा पासपोर्ट आणि बोर्ड कोणतं हे लिहिलं नाही, आणि सगळं त्यावरच ठरतं. यूजीसीच्या २०२२च्या मार्गदर्शक सूचनांनुसार विद्यापीठांना मंजूर जागांव्यतिरिक्त २५ टक्क्यांपर्यंत जागा आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांना देता येतात, पण त्यासाठी पासपोर्ट परदेशी लागतो. दुबईत वाढला तरी पासपोर्ट भारतीय असेल तर या जागा त्याच्या नाहीत. अनिवासी भारतीयांचा कोटा कुठे आहे ते कॉलेजागणिक पाहावं लागेल.

दुबईतली शाळा सीबीएसईची असेल तर बोर्ड भारतीयच झालं, समकक्षतेचा प्रश्न येत नाही. मायग्रेशन प्रमाणपत्र तेवढं वेळेत घ्या. केंब्रिजचं ए लेव्हल वगैरे असेल तर समकक्षता प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी दहावीच्या पातळीची गुणपत्रिकाही मागतात, तेव्हा बारावीचीच घेऊन येऊ नका.

परदेशी पासपोर्टवर १८० दिवसांहून जास्त मुदतीचा विद्यार्थी व्हिसा घेऊन आला, तर पोहोचल्यापासून १४ दिवसांत ई-एफआरआरओ या परदेशी नागरिकांच्या सरकारी संकेतस्थळावर नोंदणी करायची. तिथे कॉलेजचं बोनाफाइड आणि राहत्या पत्त्याचा पुरावा लागतो. तुमच्या घरी राहणार असेल तर तुमच्या पत्त्याचे कागद आधीच तयार ठेवा. ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं कार्ड असेल तर ही नोंदणी लागत नाही.